लेकीची रेघ मी ओढली

रेघ ओढावी तर मीच! नकाशांच्या कचेरीत बावीस वर्षं मी डोंगरांच्या कडा काढतोय. त्यामुळे डॉक्टरबाईंनी लेकीच्या वाढीचा तक्ता घरी दिला, ठिपके वर सरकायला लागले तर लगेच घेऊन या म्हणाल्या, तेव्हा मी बायकोला ऐटीत सांगितलं की यात तू पडू नकोस.

तक्त्यावर आधीच छापलेल्या रेघा होत्या, डोंगरामागे डोंगर दिसावेत तशा. उंचीच्या मानाने वजन किती, ते दर तीन महिन्यांनी त्यात मांडायचं. लेक काट्यावर उभी राहायची, हिशेब करून मी आकडा सांगायचो, ठिपका ती द्यायची. मग मी पेन्सिल घेऊन खिडकीशी बसायचो. दुपारचं ऊन कागदावरून सरकत असायचं आणि मी त्या रेघांवरून तरंगत कुठल्या कुठे जायचो. लेक डोंगर चढतेय, माथ्यावरून मला हात करतेय!

आता आमच्या कचेरीची एक रीत आहे. एखादा ठिपका भलतीकडे गेला, तर मोजणाऱ्याचा हात हलला असं समजायचं आणि तो सोडून रेघ गोलाईने पुढे न्यायची. मी तेच केलं. एक ठिपका वर गेला, लेकीला ‘हात हलला तुझा’ म्हणत सोडला. दुसरा गेला, तोही सोडला. चारही गेले. बायको म्हणत होती की पोरीला जिना चढताना धाप लागते, फ्रॉक उसवतात. मी तिला तक्ता दाखवायचो. रेघ कशी मधोमध, लोण्यासारखी!

वर्षाने शाबासकी घ्यायला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला.

"रेघ सुरेख आहे. पण तुमची मुलगी हिच्यावर कुठे आहे?"

बघतो तर ठिपके एकामागून एक चढत सगळ्यात वरच्या रेघेच्याही पलीकडे गेलेले. लेक हळूच म्हणाली, "बाबा, माझा हात हलला नव्हता."

बाईंनी तिला लगेच तपासलं. तिचा रक्तदाब वाढलेला निघाला, रक्तातली साखर तेवढी ठीक होती. वेळ गेलेली नाही, बाई म्हणाल्या, पण सहा महिने आधी यायला हवं होतं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

आता आम्ही तिघं रोज संध्याकाळी टेकडी चढतो. लेक पुढे, मी मागे धापा टाकत. ती खरंच माथ्यावरून हात करते. घरी माझ्या वजनाचाही तक्ता लागलाय. ठिपके बायको देते, रेघ लेक ओढते. पट्टीने ओढते हो, जराही गोलाई देत नाही!