सुदामदादांची ट्रायल

पंगतीत बुंदीची बादली घेऊन जो माणूस तुमच्या पानासमोर सगळ्यात जास्त वेळ उभा राहतो, तुम्ही पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो, त्याच्या स्वतःच्या पोटात परवापासून अन्नाचा कण नाही असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या इंझोरीत ते पोरासोरांनाही माहीत होतं.

"घ्या न सर. लाजून राह्यले काय? लगन काय रोज रोज येते?"

"दादा, तुम्ही कधी बसता?"

"आपली टाकी बंद हाय," असं म्हणून सुदामदादा पुढच्या पानाकडे सरकायचे. मी मात्र तिसऱ्यांदा वाढलेली बुंदी, अन्नाचा अपमान नको म्हणून, संपवायचो. माझं पोट वर्गात माझ्या आधी शिरतं, त्यात दादांचा वाटा मोठा आहे.

सुदामदादा माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. उभा जन्म त्यांनी कारंजाच्या डेपोत गाड्या दुरुस्त केल्या. रोज सकाळी एसटीनं जायचे, संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन परत यायचे. निवृत्त झाल्यावर वास गेला, मेकॅनिक राहिला. गावात कोणाचं काहीही बिघडलं की दादा दुरुस्त करणार, आणि दुरुस्त केलेली वस्तू आधी स्वतः वापरून पाहणार. "ट्रायल घेतल्याबिगर गाडी रूटले सोडाची नाही," हा त्यांचा डेपोतला नियम. तो त्यांनी शिडीला लावला, पाळण्याला लावला, एकदा आमच्या म्हाताऱ्या काकूच्या काठीलाही लावला. काठीला नवं रबर बसवून दादा भर चौकात लंगडत चक्कर मारून आले, तेव्हा चार लोक तब्येत विचारायला धावले होते.

माझी स्कूटर त्यांनी अशीच दुरुस्त केली. सकाळी नेली ती दुपारपर्यंत पत्ता नाही. मला शाळेला मानोऱ्याला जायचं होतं. मी फाट्यावर उभा राहून जीपची वाट बघत होतो, तर समोरून माझ्याच स्कूटरवर दादा.

"कुठं गेले होते, दादा?"

"मानोऱ्याले. तुमच्या शाळेच्या गेटपावतर. म्या जाऊन आलो. आता बसा."

शाळा तोवर अर्धी झाली होती. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी ज्या भरवशानं स्कूटरवर बसलो तसा परत कधी बसलो नाही.

तर अशा माणसानं एका हिवाळ्यात भाकर सोडली. भात सोडला, साखर सोडली, गूळ सोडला. अंडी, पनीर, तूप आणि जवसाची चटणी, तीही भाकरीशिवाय, चमच्यानं. काळ्या चहात गावरान तूप घालून ते प्यायचे. मला पहिल्यांदा दिला तेव्हा मी समई प्यायल्यासारखा चेहरा केला. आणि मधूनमधून दोन दोन, तीन तीन दिवस काहीच नाही. चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, बस. मोबाईलवर कोणी तरी सांगत असे, दादा कान देऊन ऐकत असत. "बॉडी आता चरबीवर चालून राह्यली, सर. डिझेल बदललं आपलं."

गावाला हे पचायला वेळ लागला. दादांचं घर बौद्ध. त्यांच्या वडिलांच्या पिढीनं देव सोडले, त्यासोबत उपासतापासही सोडले. विहारातल्या म्हाताऱ्या बाबूकाकांनी एक दिवस त्यांना बोलावून विचारलं, "काहून रे सुदाम? आपून ते सारं सोडून किती वर्षं झाली, अन् तू वापस उपास धरून राह्यला?"

"काका, हा उपास देवाचा नाही. इन्सुलिनचा हाय."

"थो कोणत्या गावचा देव?" काकांनी काळजीनं विचारलं.

आमच्या बाजूच्या बायांनी वेगळाच अर्थ काढला. दादांनी काही तरी मोठा नवस बोलला असणार. मग चतुर्थीला आमच्या घरून, सोमवारी दुसऱ्या घरून, एकादशीला तर तीन घरांतून भगर, साबुदाणा आणि रताळी त्यांच्या ओट्यावर यायला लागली. दादा प्रत्येक ताटली दोन्ही हातांनी घ्यायचे, "लै चांगलं झालं, वहिनी" म्हणायचे, आणि परसातल्या भिंतीवरून माझ्याकडे सरकवायचे. त्या हिवाळ्यात उपास त्यांनी केले आणि वजन माझं वाढलं.

याच दिवसांत प्रज्ञाचा मला फोन आला. प्रज्ञा दादांची एकुलती एक मुलगी. अमरावतीला सासर, तिथंच नोकरी. लहानपणी माझ्याकडे गणितं शिकायला यायची.

"काका, बाबा काही खात नाहीत म्हणे. फोनवर आवाज पाहा किती बारीक येते. आईच्या मागं मले दुसरं कोन हाय? तुमी त्याहिले जेवाले लावा."

सुमनवहिनी, म्हणजे प्रज्ञाची आई, साखरेच्या आजारानं गेल्या. आधी पाय, मग किडनी. ते दिवस मी भिंतीच्या या बाजूनं ऐकलेले आहेत. मी प्रज्ञाला शब्द दिला. म्हटलं, पोरी, आजच जातो आणि त्यांना भाकर खाऊ घालूनच परत येतो.

गेलो, आणि तासाभरानं उपास धरून परत आलो.

आता हे कसं झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. मी भाकरीची बाजू मांडायला सुरुवात केली. दादांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, जिना चढताना दम लागते का? मी हो म्हटलं. जेवल्यावर झोप येते का? मी म्हटलं, येते. मग ते म्हणाले, "इंजिनात कार्बन जमला, सर. एकडाव साफ करा लागते." वकील आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला, तसं माझं झालं.

पहिला दिवस मी पाण्यावर काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंती हलायला लागल्या. बायकोनं विचारलं, उपास आहे ना, मग फराळ का करत नाही? मला एकदम पटलं. आपल्यात उपास म्हणजे काय उपाशी राहणं थोडंच असतं? तिनं साबुदाण्याची उसळ केली, दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं. मी दोनदा घेतली, दह्याबरोबर. वर बटाट्याचे पापड, आणि तोंड गोड करायला राजगिऱ्याचा लाडू. सगळं उपासाचं, त्यामुळे मन निर्धास्त.

संध्याकाळी दादा साखर मोजायचं यंत्र घेऊन आले. माझ्या बोटाला टोचलं, आकडा पाहिला, यंत्र हलवलं, परत पाहिला.

"सर, हे काय भरलं टाकीत?"

"दादा, शपथेवर सांगतो, फक्त उपासाचं खाल्लं."

मी यादी सांगितली. दादा पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "साबुदाणा म्हंजे साखरेचे मणी, सर! तुमी तं पुरी माळ जपली!"

वहिनी गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. प्रज्ञाला ही बातमी पोचलीच. "काका, मी तुमाले काय सांगतलं होतं अन् तुमी काय करून राह्यले?" उपास मात्र मी त्याच रात्री सोडला. तसाही तो कुठं धरला होता म्हणा.

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस नंतर सरले. उन्हाळा लागला तसे दादा वाळत चालले. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवी भोकं पाडली, मग आणखी पाडली. गालाची हाडं वर आली. पंगतीत वाढताना ते मधूनच खांबाला टेकायचे आणि कोणी पाहतंय का ते पाहायचे. मी पाहत असे. एकदा न राहवून बोललो, "दादा, पुरे आता. साखर उतरली असेल एव्हाना."

"साखरेचं काय घेऊन बसले, सर," ते म्हणाले. "अजून ट्रायल पुरी झाली नाही."

मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. मोठ्या गंजात शिजलेली, आणि वाढायला अर्थात दादा. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील, पण ऊन डोक्यावर आल्यासारखं तापलेलं. मी पंगतीत बसलो होतो. दादा माझ्यासमोर आले, पळी उचलली, आणि थांबले. चेहरा कागदासारखा झाला. त्यांनी बादली सावकाश खाली ठेवली, ती नीट टेकली का ते पाहिलं, आणि मग पडले. खीर एक थेंब सांडली नाही.

आम्ही जीपमध्ये घालून त्यांना कारंजाला नेलं. दवाखान्यात सलाईन लावलं. मी प्रज्ञाला फोन केला. मी 'दादा' एवढंच म्हटलं, तर तीच म्हणाली, "मी निघाली, काका." दुपारच्या गाडीनं ती पोचली तेव्हा ओढणी घामानं भिजलेली होती. तिनं बापाचे पाय हातात घेतले आणि चोळत राहिली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि मला विचारलं, "यांना हे शुगरवाल्यांचे उपास कोणी सांगितले?"

"शुगर आहे ना त्यांना," मी म्हटलं.

"नाही. आत्ताही नाही आणि जुन्या कागदांतही कधी दिसत नाही. मग हे एवढे उपास कशासाठी?"

मी दादांकडे पाहिलं. दादा छताच्या पंख्याकडे पाहत होते. मग प्रज्ञाकडे न बघताच बोलले.

"तू दिवाळीच्या सुट्ट्यात आली होती. म्या चहा मांडला. तू म्हणली, बाबा, मले बिनसाखरेचा."

प्रज्ञाचा हात त्यांच्या पायावर थांबला.

"तुही माय बी पह्यले पह्यले असंच म्हणे. आवडत नाही म्हणे साखर. म्या म्हटलं, नसन आवडत. वरून जिलबी बी आणून दिली." त्यांनी सलाईनचा हात छातीवर घेतला. "तू सांगतलं नाही, म्या विचारलं नाही. हे खाणं चांगलं हाय, सारे लोक सांगून राह्यले. पन सांगणाऱ्याचं काय जाते? म्हटलं, आंधी आपून घेऊन पाहू. काय होते, चक्कर कवा येते, कोठं गाडी बंद पडते. गाडीत आपलं लेकरू बसणार हाय, बाई."

प्रज्ञानं मान खाली घातली. तिला वर्षभरापासून साखर होती. बापाच्या जिवाला घोर नको म्हणून तिनं लपवलं होतं, आणि लपवता लपवता मला सांगत होती, काका, त्याहिले जेवाले लावा. बाप-लेकीच्या मध्ये निरोप्या म्हणून मी उभा होतो, आणि दोघांपैकी एकाचाही निरोप मला वाचता आला नव्हता.

डॉक्टर मवाळ झाले. खुर्ची ओढून बसले. त्यांनी दादांना सांगितलं की असले लांब उपास मुलीनं मुळीच करायचे नाहीत, गोळी चालू असताना ते धोक्याचे. गोळी वेळेवर, चालणं, भाकर मोजकी आणि बरोबर भाजी, डाळ. दादांनी सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "भाकर चालते म्हंता?"

"अर्धी चालेल."

दोन दिवसांनी दादा घरी आले. प्रज्ञानं रजा वाढवली होती. दुपारी तिनं मला हाक मारली, "काका, या न जेवाले." चुलीवर वहिनींचाच तवा होता. प्रज्ञानं ज्वारीची भाकर थापली, भाजली, फुगली तशी उतरवली. सोबत वांग्याचं भरीत. तिनं ताट बापासमोर ठेवलं आणि दुसरं स्वतःसाठी घ्यायला वळली.

"थांब," दादा म्हणाले.

त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले. एक उचलला आणि भरितासोबत हळूहळू खाल्ला. इतक्या महिन्यांनी भाकरीचा पहिला घास. चावताना त्यांचे जबडे अडखळत होते. मग हात धुऊन भिंतीला टेकून बसले. आम्हीही बसलो. कोणी जेवलं नाही. भरीत थंड झालं. बऱ्याच वेळानं ते उठले, फळीवरून यंत्र काढलं, स्वतःच्या बोटाला टोचलं आणि आकडा उजेडात धरून पाहिला.

त्यांच्या रक्तावरून तिच्या रक्ताचं काही कळत नाही, हे मला ठाऊक होतं. प्रज्ञाला तर माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तोंड उघडणार होतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तेच तोंड भिंतीकडे वळवलं.

दादांनी उरलेली अर्धी भाकर तिच्या पुढ्यात सरकवली.

"म्या जाऊन आलो," ते म्हणाले. "आता खाय."

प्रज्ञानं घास मोडला.