पाठमोरे व्याही

थोरलीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी मी छाती ठोकून सांगत होतो, की आमच्या जमादारची बघता बघता गाय करून दाखवीन.

जमादार म्हणजे आमचा कुत्रा. मी शिंपी. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक जमादारचं भुंकणं ऐकलं, की आहेत ते कपडे बरे म्हणून माघारी जाई.

कुणीतरी सांगितलं, परक्या माणसाने कुत्र्याच्या डोळ्याला डोळा देऊ नये. झालं! मी येईल त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करू लागलो. जमादार पायांचा वास घेई आणि तिथेच अंग टाकी. पुढे पुढे गिऱ्हाइकं रस्त्यावरूनच पाठमोरी आत येऊ लागली. समोरच्या न्हाव्याला वाटलं, कपडे इतके बिघडवलेत की लोक तोंड दाखवत नाहीत.

"अहो, शिकलं कोण? कुत्रा की माणसं?" बायकोने विचारलं.

"काम झाल्याशी कारण," मी म्हणालो.

तेवढ्यात धाकटीचं लग्न निघालं. मुलगा तिनेच निवडलेला, सोन्यासारखा. अडचण होती त्याच्या वडिलांची. ते घड्याळजी, बोलायला लागले की चावी उतरेपर्यंत थांबत नसत. त्यांचं म्हणणं, लग्नानंतर सुनेने शिवणकाम बंद करायचं. धाकटी म्हणे, मशीन बंद तर लग्नही बंद. शेवटचं काय ते बोलायला ते दुकानात आले.

आले ते सरळ तोंडाने. जमादार असा उसळला, की मशीनवरची कात्री खाली पडली. सवयीने मी ओरडलो, "वळा! भिंतीकडे तोंड!"

घड्याळजी गर्रकन वळले. जमादारने त्यांचे बूट हुंगले, त्यावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले.

"आता हलू नका, व्याहीबुवा. झोपमोड झाली की तो ओळख विसरतो."

"अजून व्याही झालो नाही," घड्याळजी भिंतीला म्हणाले. "आमच्या घरातल्या सुना—"

आवाज चढला तसा जमादारने एक डोळा उघडला.

"हळू," बायको म्हणाली.

"आमच्या घरातल्या सुना दुकानात बसत नाहीत," ते कुजबुजले. कुजबुजल्यावर ते वाक्य धमकीसारखं राहिलं नाही, विनंतीसारखं झालं.

"बसल्या तर काय होईल, काका?" धाकटीने विचारलं.

"लोक बोलतील."

"ते आत्ताही बोलत असतील. तुमच्या कोटाची शिवण उसवलीय. पाठीवर, मधोमध."

घड्याळजींनी जमेल तेवढी मान वळवली. पाठ काही त्यांना दिसत नव्हती.

"फार उसवलीय?"

"आतला सदरा दिसतोय. थांबा, टाके घालते."

"थांबण्यावाचून मी दुसरं काय करतोय?"

धाकटीने सुईत दोरा ओवला आणि अंगावरच कोट शिवायला घेतला. दुकानात जमादारच्या घोरण्याचा तेवढा आवाज. शेवटची गाठ मारून ती म्हणाली, "हाताचे टाके आहेत, काका. मशीनवर पक्कं झालं असतं."

घड्याळजींनी हात मागे नेऊन टाके चाचपले. मग हळूच म्हणाले, "लग्न झाल्यावर मार मशीन."

जमादार शेवटपर्यंत काही शिकला नाही. तो मागच्या उन्हाळ्यात गेला. आमचे व्याही झालेले घड्याळजी त्यानंतर, थंडीच्या सुरुवातीला वारले.