इडलीच्या पिठातला हात

“सांगतो, पण कुणाला खरं वाटायचं नाही. मलाच अजून वाटत नाही!” असं म्हणून सूर्यकांतअण्णांनी बँडेज बांधलेला अंगठा झेंड्यासारखा वर धरला आणि सोफ्यावर मांडी ठोकली. समोर मुलगा शंतनु आणि सून शाल्मली. शेजारच्या खुर्चीत शाल्मलीचे वडील, नागपूरचे विश्वेश्वरराव. त्यांचा डावा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, आणि चेहरा असा की जणू हा हात त्यांचा नव्हेच, कुणीतरी सांभाळायला दिलाय.

अण्णांनी काय सांगितलं ते पुढे येईलच. पण त्या शनिवारी खरोखर काय झालं ते आधी ठाऊक असलेलं बरं. नाहीतर तुम्हीही फसाल. अण्णांच्या तोंडाला तेवढी ताकद आहे.

अण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून दक्षिणेत, कानडी मुलखात उतरलं आणि परत जायचं विसरलं. पत्नी गेल्यापासून अण्णा राजाजीनगरच्या घरात एकटे राहत. सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात इडली, मग वाचनालय, मग दुपारची झोप, असा राजासारखा दिनक्रम. दोष म्हणाल तर एकच. समोरच्या माणसाला काही झालं की अण्णांच्या अंगात डॉक्टर संचारत असे. मीटर बघायला आलेल्या माणसाच्या नाकातून रक्त आलं, तर अण्णांनी त्याची मान मागे करून दहा मिनिटं दाबून धरली. पोटात गेलेलं सगळं रक्त त्या बिचाऱ्याने मीटरच्या यंत्रावरच ओकून टाकलं. पोस्टमनचा पाय मुरगळला, तर अण्णांनी तो गरम तेलाने असा रगडला की गल्लीला तीन आठवडे टपाल आलं नाही.

त्यावर शंतनुने निकाल देऊन टाकला होता. “अण्णा, आता आणखी एक उपचार केलात ना, तर या घराला कुलूप. तुम्ही आमच्याकडे के. आर. पुरमला. फायनल.”

के. आर. पुरम म्हणजे चौदावा मजला. तिथे लिफ्टला कार्ड दाखवावं लागतं, आणि खाली उतरलं तर पहारेकरी विचारतो, “अंकल, कहाँ जाना है?” अण्णांना कुठेच जायचं नव्हतं. त्यांना राजाजीनगरातच राहायचं होतं.

तर त्या शनिवारी शंतनु आणि शाल्मली पडद्यांचं कापड घ्यायला चिकपेटेला गेले आणि आठवड्यापुरत्या आलेल्या विश्वेश्वररावांना दिवसभरासाठी अण्णांकडे सोडून गेले. राव वनखात्यातून निवृत्त झालेले. स्वतःच सांगत त्याप्रमाणे त्यांनी अकरा वाघांच्या डोळ्याला डोळा भिडवला होता.

बसल्या बसल्याच राव म्हणाले, “हे पाहा अण्णा, मी काही लपवत नाही. जावईबापूंनी सांगितलंय, बाबा, एक दिवस बसून बघा, अण्णांना एकट्याने जमतं का. तुम्ही म्हणाल तसं करू, असं म्हणाले ते. आता मी काही तुमची परीक्षा घेऊन राहिलो असं समजू नका. पण घेऊनच राहिलो.”

“घ्या की,” अण्णा म्हणाले. ते ताडकन उठले. “चला आत. स्वल्प कॉफी दाखवतो.”

“कॉफी दाखवतात का बाप्पा? पाजतात ना!”

“आमच्याकडे आधी दाखवतात.”

आणि अण्णांनी दाखवली. ताज्या डिकॉक्शनमध्ये उकळतं दूध घातलं, रावांच्या हातात स्टीलची रुंद वाटी दिली, पेला डोक्याच्याही वर नेला आणि धार सोडली. वीतभर, हातभर, दीड हात. फेस कसा फुलासारखा उमलला! राव थक्क होऊन बघत राहिले. आणि नेमकी तेव्हा मागे कुकरने शिट्टी दिली.

अकरा वाघांपुढे न हललेले राव वीतभर उडाले. वाटी एकीकडे, हात एकीकडे, आणि कॉफीची धार सरळ हातावर.

“आई गं!”

“अय्यो!”

नळ दोन पावलांवर होता. त्याला कावेरीचं पाणी होतं, तेही चांगल्या दाबाचं. त्याच्याकडे दोघांपैकी एकानेही ढुंकून पाहिलं नाही.

“टूथपेस्ट!” अण्णा ओरडले.

“टूथपेस्ट काहून? मी काय दात भाजले? बटाटा किसा, बटाटा!”

“बटाटे संपले.”

“मग तूप लावा!”

“तूप काय लावता राव, हात आहे की पोळी?”

अण्णा टूथपेस्ट घेऊन आले. ट्यूब शेवटाला आलेली. ती पिळली, गुंडाळली, पोळपाटावर ठेवून लाटण्याने लाटली. निघाली वाटाण्याएवढी. ती एका बोटाच्या टोकाला लागून संपली. राव फुंकर मारत स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होते. अण्णांनी फ्रिज उघडला, आणि त्यांना साक्षात्कार झाला. इडलीच्या पिठाचा डबा! थंडगार, काठोकाठ. आमच्या आजीचं औषध, असं म्हणत त्यांनी रावांचा हात धरला आणि मनगटापर्यंत पिठात बुडवला.

रावांनी डोळे मिटले. “वा! बरं वाटून राहिलं.”

“बघा! परीक्षेत लिहून ठेवा.”

दोन मिनिटं गेली. राव डोळे उघडून म्हणाले, “अण्णा, अंगठी आवळून राहिली.”

“अंगठी? पिठात अंगठी आहे?”

“माझ्या बोटात आहे ना. पुष्कराज. एकोणीस वर्षं काढली नाही. गुरुजी म्हणाले होते, काढली तर कर्त्या माणसावर संकट येतं.”

“अहो राव, आलंच की आता!”

पण बोट तोवर सुजून अंगठीच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं. अण्णांनी ओढलं. तेल घालून ओढलं. मग ओट्याला पाय लावून ओढलं. राव आधी लाल झाले, मग पांढरे, मग पिठाच्याच रंगाचे.

“राव, घाबरताय काय?”

“मी? मला काहीही होऊन…” एवढं म्हणून राव भिंतीला घासत खाली गेले. मागोमाग डबाही त्यांच्या छातीवर गेला.

आता खरं तर माणूस आडवा पडला होता ते चांगलंच होतं. तसाच राहू द्यायचा, पाय जरा उंच करायचे. अण्णांनी नेमकं उलट केलं. बखोटीला धरून रावांना स्टुलावर बसवलं. राव घसरले. पुन्हा बसवलं. पुन्हा घसरले. मग अण्णांना कांदा हुंगवायचं सुचलं. घाईघाईने सुरी चालवली. कांदा अर्धा कापला गेला आणि अंगठा जरा जास्तच. रक्त टपटपायला लागलं तसे अण्णा चप्पल आणायला धावले. हुंगवायची चप्पल कातड्याची लागते, घरात होत्या सगळ्या रबरी. तरी त्यातलीच एक, जरा जुनी बघून, रावांच्या नाकाला लावली.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या श्यामलाअक्का खाली आल्या त्या याच क्षणी. दारातच थबकल्या.

“अय्यो देवा! अण्णा, हे कसलं व्रत म्हणायचं?”

“व्रत नाही अक्का, व्याही आहेत!”

अक्कांनी परिस्थितीचा ताबा घेतला. आधी अण्णांच्या अंगठ्यावर मूठभर कॉफीची पूड दाबली. “आमच्या सासूबाई हेच करायच्या. रक्त गपकन थांबतं.” मग पेलाभर पाणी घेऊन बेशुद्ध रावांच्या तोंडात ओतलं. राव असे काही ठसकले की पीठ छताला लागलं. जीव जायचा तो थोडक्यात राहिला, पण शुद्ध आली, आणि अक्का म्हणाल्या, “बघा, माझ्या हातचा गुण!”

दोघं दवाखान्यात निघाले तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. एकाचा हात मनगटापर्यंत इडली, दुसऱ्याच्या अंगठ्यावर कॉफी. त्याने अदबीने विचारलं, “टिफिन आयता, सार?”

“काय म्हणून राहिला तो?” रावांनी कण्हत विचारलं.

“न्याहारी झाली का म्हणतोय.”

“त्याला म्हणावं, आमचीच झाली.”

दवाखान्यातल्या डॉक्टर आश्लेषा बेळगावच्या निघाल्या, त्यामुळे झापणं अस्सल मराठीतून झालं. त्यांनी आधी रावांचा हात धुतला, मग छोट्या कटरने पुष्कराजाच्या अंगठीचे दोन तुकडे केले. बोट जांभळं पडलं होतं.

“आणखी तासभर आला नसतात तर बोटावर बेतलं असतं. हे पीठ कशाचं?”

“इडलीचं.”

“आंबलेलं?”

“छान आंबलं होतं,” अण्णा अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “घरात नळ नव्हता?”

“होता.”

“पाणी?”

“होतं.”

“मग?”

अण्णांनी मान खाली घातली. “सुचलं नाही हो.”

मग डॉक्टरांनी रावांना पट्टी बांधता बांधता आणि अण्णांच्या अंगठ्यातली कॉफी कण कण वेचता वेचता दोघांची शाळा घेतली. भाजलं की आधी अंगठ्या, घड्याळ, बांगड्या उतरवा. मग नळाखाली साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, पेस्ट नाही, तूप नाही, नाश्ता तर नाहीच नाही. कापलं तर स्वच्छ फडकं दाबून धरा, हात वर. चक्कर आलेल्याला आडवं ठेवा, पाय उंच, तोंडात थेंब घालू नका. “आणि चप्पल पायात घाला,” शेवटी त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर दोघं व्याही बसले. राव हळूच म्हणाले, “अण्णा, एक विनंती आहे. मी पडलो हे शाल्मलीला सांगू नका.”

“का हो?”

“तीन वर्षं मागे लागून राहिली पोरगी. बाबा, नागपूरचं घर विका, एकटे राहू नका, इकडे या. तिला कळलं मला भोवळ आली, तर उद्याच दलालाला फोन लावते. मग मी चौदाव्या मजल्यावर.”

अण्णांनी चमकून पाहिलं. परीक्षक त्याच बाकावर बसलेला होता! “आणि स्वयंपाकघरातलं कळलं तर मीही तिथेच. तुमच्या शेजारच्या खोलीत.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्याही अंगावर काटा आला.

तह झाला. दोन गोष्टी तोंडातून काढायच्या नाहीत: अण्णांचं स्वयंपाकघर आणि रावांची भोवळ. श्यामलाअक्का बोलणार नव्हत्याच. ते पाणी त्यांनीच ओतलं होतं.

“मग हात कसा भाजला म्हणून सांगायचं?” रावांनी विचारलं.

“ते माझ्यावर सोडा,” अण्णा म्हणाले. रावांनी सोडलं. चूक झाली ती तिथे.

तर संध्याकाळी, अंगठा वर धरून, अण्णा सांगत होते.

“कोपऱ्यावरची दर्शिनी. आम्ही दोघं कॉफी पीत उभे. चाळीसेक माणसं. आणि एकदम, धडाम! कॉफीचं पिंप फुटलं. एवढं, माणूसभर उंच! कॉफीची लाट आली रे शंतनु, लाट! एकवीस माणसं भाजली. मी मोजली.”

“एकवीस?” शंतनु म्हणाला.

“बाविसावा नुसताच ओला झाला. सगळे ओरडताहेत, पळताहेत. मी स्टुलावर चढलो. म्हटलं, थांबा! अंगठ्या, घड्याळं, बांगड्या आधी उतरवा! मग एकेक करून नळाखाली. वीस मिनिटं. मी घड्याळ लावून उभा!”

शाल्मली पुढे सरकली. तिने ऑफिसात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं होतं. “अण्णा, हे एकदम करेक्ट आहे! आम्हाला हेच शिकवलं.”

“एक शहाणा टूथपेस्ट घेऊन आला. मी त्याला बाहेर काढला. दुसऱ्याने बर्फ आणला, त्यालाही काढला. एक बाई चक्कर येऊन पडल्या. लोक पाणी पाजायला निघाले. म्हटलं, खबरदार! आडवं ठेवा, पाय उंच करा! दोन मिनिटांत बाई उठून बसल्या, म्हणाल्या, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलचे?”

“आणि हा अंगठा?”

“पिंपाचा पत्रा लागला. फडकं दाबून धरलं, हात वर केला, आणि एका हाताने बाकीची माणसं वाचवली.”

शंतनु उठून वडिलांच्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, “अण्णा, मी उगाच… म्हणजे, तुम्ही इथेच राहा. के. आर. पुरमचं राहू दे.”

झालं! जिंकले होते अण्णा. इथे थांबून नुसतं ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हटलं असतं तर राजाजीनगर जन्मभर त्यांचं होतं. विश्वेश्वररावांनीही सुटकेचा निःश्वास सोडला. मात्र कथा ऐकता ऐकता त्यांचे कान जरा तापले होते. एकवीस माणसं वाचली, आणि त्यात नागपूरचं नाव कुठेच नाही!

शाल्मलीने विचारलं, “आणि आमचे बाबा काय करत होते हो तेव्हा?”

अण्णांना आता कुणी आवरणं शक्य नव्हतं. गोष्ट चौखूर सुटली होती.

“राव? बिचारे!” त्यांनी मायेने मान हलवली. “त्यांची काय चूक? सवय लागते या गोष्टींची. टेबलाखाली शिरून बसले होते. हात तेवढा बाहेर राहिला, तो भाजला. आणि किंचाळत होते, वाचवा हो अण्णा, वाचवा! अख्ख्या राजाजीनगरला ऐकू जाईल असं. मीच पायाला धरून बाहेर ओढलं.”

“खोटं! साफ खोटं!” विश्वेश्वरराव खुर्ची मागे लोटून उभे राहिले. “मी किंचाळीन? शाल्मली, तुझी शपथ घेऊन सांगतो, तोंडातून चकार शब्द काढला नाही मी! काढीन कसा? मी तर ह्यांच्या स्वयंपाकघरात बेशुद्ध पडलो होतो!”