दार उघडायला माणूस पाहिजे

त्या दिवशी सूर्य उगवला तो एकटा नाही, डाव्या-उजव्या अंगाला एकेक खोटा सूर्य घेऊनच. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानच्या माळावर असं दिसलं की समजावं, आज थंडीनं नाकातले केससुद्धा कडक होणार. रात्रभर गाडीच्या इंजिनाला विजेची ऊब लावून ठेवली होती, तरी ती एकदा खोकली आणि गप्प बसली. मीही तिच्याशेजारी गप्प बसलो. (मला घाई कधी जमलीच नाही. माझ्या लग्नातसुद्धा आधी पाद्री आला, मग जेवण आलं, मग मी.)

तेवढ्यात नातीचा फोन आला. लेस्या आमची लहानगी, पण गावच्या मुलींच्या आइस हॉकी संघात गोल राखते.

"गिदो," ती म्हणाली (आमच्या युक्रेनी घरांत आजोबाला गिदो म्हणतात), "मरे काकांचा घोटा मोडलाय. आमच्या बाकाचं दार उघडायला माणूसच नाही. तू येशील?"

आता हे दार म्हणजे काय, तर बर्फाच्या मैदानाला छातीएवढ्या फळ्यांचं कुंपण असतं, त्यात एक झडप. दमलेली पोर आत येते, ताजी पोर बाहेर जाते, आणि कुणीतरी कडी काढायची, कडी लावायची. मी शाळा लहानपणीच सोडली, जन्मभर गवंडीकाम केलं, पण कडी काढता येते.

"येतो की," म्हटलं.

संध्याकाळी शॅननचा फोन. ही संघाच्या सुरक्षिततेचं बघणारी बाई. आवाज गोड, नियम कडक.

"वासिल, संघाबरोबर तपासलेली दोन मोठी माणसं नसली तर शनिवारी मुलींना बर्फावर पाऊल ठेवू देणार नाहीत. एक मी आहे. दुसरे तुम्ही व्हा. पोलिसांचा दाखला आणा, घरी कॉम्प्युटरवर शिकवणी करा."

"एवढं सगळं कडीसाठी?"

"कडीसाठी नाही. मुलींसाठी."

बरोबरच होतं तिचं.

शिकवणीला माझी बायको ओरिसिया शेजारी बसली, कारण पडद्यावरची अक्षरं मी वाचेपर्यंत पडदाच झोपी जायचा. ती प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचो. "खेळताना मुलीच्या डोक्याला मार बसला आणि ती म्हणाली, मी बरी आहे, तर काय कराल?"

"शाबासकी देईन."

"चूक! तिला खेळातून बाहेर काढायचं. माणसा, तुझ्या हाती मी कोंबडीसुद्धा देणार नाही."

तीन वेळा नापास होऊन मी पास झालो. आता राहिला पोलिसांचा दाखला. मी म्हटलं, हे तर सोपं. मी आयुष्यात कुणाची वीट उचलली नाही. (उचलल्या त्या मालकाच्या, आणि त्याच्याच भिंतीत बसवल्या.)

पोलीस ठाण्यातल्या पोरीनं माझी जन्मतारीख कॉम्प्युटरमध्ये घातली. मग ती हळूच म्हणाली, "आजोबा, आमच्या नोंदीत तुमच्याच जन्मतारखेचा एक पुरुष आहे. त्यानं पूर्वी मुलांशी वाईट काम केलंय. तो तुम्ही नाही, हे बोटांच्या ठशांवरूनच ठरेल."

"तो मी नाही, बाई. मी सांगतो ना."

"तोही असंच सांगेल, आजोबा."

तिनं माझी बोटं एकेक करून काचेवर दाबली. यंत्र कुरकुरलं. तिनं बोटं पुसली, चोळली, फुंकली. यंत्र पुन्हा कुरकुरलं.

"आजोबा, तुम्हाला ठसेच नाहीत!"

"होते. आता गावातल्या धुराड्यांत असतील." चुना आणि सिमेंट जन्मभर हाताळल्यावर बोटं गारगोटीसारखी झाली होती.

"रागावू नका," ती म्हणाली, "पण ठसे नाहीत तर तुम्ही निर्दोष आहात असं मला लिहिता येत नाही."

"आणि दोषी?"

"तेही नाही."

म्हणजे मी मधल्यामधे. आणि या मधल्यामधे लटकलेल्या अवस्थेत, हात काचेवर पसरलेले असताना, माझी नजर वर गेली, तर दारात आमचा शेजारी क्लेटन! त्याच्या गाडीला हरीण धडकलं होतं, ते सांगायला आला होता. त्यानं मला पाहिलं, टोपी काढली, आणि हरणाबद्दल एक अक्षरही न बोलता निघून गेला.

आमच्या गावात कुणावर संकट आलं की लोक विचारत नाहीत. झाकलेलं भांडं आणून पायरीवर ठेवतात आणि पळतात. संध्याकाळपर्यंत आमच्या पायरीवर भाजलेले बटाटे आले, चीज घातलेल्या शेवया आल्या, आणि माशाचं काहीतरी आलं.

"मेलं कोण?" ओरिसियानं विचारलं.

"मीच, बहुतेक."

क्लेटन बर्फ उपसायचं फावडं घेऊन आला. "वासिल, तू जे काही केलं असशील ते असो. मी तुझ्या पायरीवरचा बर्फ काढणार."

"अरे, मी काही केलं नाही! त्यांना वाटतंय मी दुसराच कुणीतरी आहे."

"हो हो," तो माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "तू असंच म्हणत राहा. वकीलही हेच सांगेल."

त्या आठवड्यात मी मनानं पार खचलो. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी आणि ओरिसियाच. लेस्याचा रोज फोन. "गिदो, झालं का? शॅनन म्हणते, तू नाहीस तर आम्ही नाही." पोरीला काय सांगू, तुझ्या आजोबाला बोटं आहेत पण पुरावा नाही?

शेवटी पोलीस ठाण्यातल्या पोरीनंच तोड सुचवली. हाताला विश्रांती द्या, कातडी मऊ होऊ द्या. ओरिसियानं गाईच्या सडाला लावायचं मलम माझ्या बोटांना थापलं आणि वरून लोकरीचे मोजे चढवले. मला चमच्यानं भरवलं जाऊ लागलं, तेही माशाचं ते काहीतरी. क्लेटननं खिडकीतून पाहिलं आणि गावाला सांगितलं की बिचाऱ्याचे हात बांधून ठेवलेत.

शुक्रवारी यंत्र कुरकुरलं नाही. बारीक बारीक रेघा उमटल्या. दिवस मावळता मावळता उत्तर आलं, मी तो नाही. मी रडलो. पोलीस पोरीनंही नाक पुसलं.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी बर्फाच्या मैदानावर. (आयुष्यात पहिल्यांदाच.) आमच्या बाकापाशी कडीला हात लावून उभा राहिलो, आणि समोरून कुबड्यांवर उड्या मारत मरे आला! डॉक्टरनं उभं राहायची परवानगी दिली होती. शॅननचे डोळे चमकले. "वासिल, तुम्ही देवासारखे भेटलात. आज समोर खेळणाऱ्या शेजारच्या गावच्या संघातली एक बाई गाडीसकट खड्ड्यात अडकलीय. त्यांच्याकडे तपासलेलं एकच माणूस उरलंय. तुम्ही त्यांच्या बाकावर जाता का?"

मी लेस्याकडे पाहिलं. मोठ्या मुखवट्यामागून दोनच डोळे दिसत होते.

"जा ना, गिदो," ती म्हणाली. "नाहीतर आम्हाला खेळायलाच मिळणार नाही."

मग मी गेलो. दार मी नीट उघडलं. घाई केली नाही, पण उशीरही केला नाही. मी सोडलेली एकेक पोर बाहेर पडायची, सरळ माझ्या नातीकडे जायची, आणि गोल मारून परत यायची. मी कडी काढायचो. ती म्हणायची, "थँक्यू, आजोबा." अशी आठ वेळा माझी आभाराची धन झाली. आमच्या पोरींचा गोल एकही नाही.

लेस्या हसत बाहेर आली, घामानं भिजलेली, पण हसत. माझंच तोंड पडलं होतं. बाहेर क्लेटन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्यानं खरवडणं थांबवलं, मान हलवली आणि म्हणाला,

"पोलिसांना उगाच शंका नव्हती आली, वासिल. आपल्या पोरींना तुझ्यापासून धोका होताच."