बगळ्याचा उलटा पाय

दातांच्या डॉक्टरांनी कपाटातून फ्रेम काढली, तेव्हा बगळ्याचे दोन्ही पाय सरळ होते.

सैनिकांच्या बाहीवरची, दुसऱ्या महायुद्धातली भरतकामाची चिन्हं जमवण्यात डॉक्टरांची वीस वर्षं गेली होती. त्यांत हा बगळा त्यांचा जीव की प्राण. पहिल्या खेपेत कारागिरांनी चुकून त्याचा एक पाय मागे वळवला होता आणि असे बगळे जगात अकराच उरलेत, अशी डॉक्टरांची खात्री होती. चार वाजता एक निवृत्त कर्नल तो प्रदर्शनासाठी तपासायला येणार होते.

"पाय उलटा होता बिचाऱ्याचा," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी उसवून सरळ केला."

"अहो, आईला माहीत नव्हतं," बायको मध्ये पडली.

"काही बिघडलं नाही," डॉक्टर म्हणाले. घाबरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं; ते काम पेशंट करत. "आई, परत उलटा करा."

सासूबाईंनी तीनदा उसवून तीनदा भरला. तिन्ही वेळा पाय सुबक आणि सरळच आला. "मुद्दाम चुकायला हात वळत नाही हो," त्या म्हणाल्या.

मग डॉक्टरांनीच सुई घेतली. अक्कलदाढेच्या मुळाशी पोचणाऱ्या हाताला बगळ्याचा पाय तो काय! पाऊण तासाने पाय मागे वळला खरा, पण गुडघा सुजल्यासारखा दिसू लागला. तेवढ्यात बेल वाजली.

कर्नलांनी भिंग लावलं. "पायाचं काम नवं वाटतंय."

"छे, जुनंच आहे," डॉक्टर म्हणाले.

"आजचंच आहे," सासूबाई म्हणाल्या. खोटं बोलायलाही त्यांची जीभ वळत नसे.

कर्नलांनी पडदा ओढला आणि खिशातून जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली. अख्खा बगळा निळसर चमकला. तो पाय तेवढा काळोखात राहिला.

"चमकतोय तो हल्लीचा दोरा," कर्नल म्हणाले. "बगळा नकली आहे, डॉक्टर. पायाचा दोरा मात्र त्या काळातला दिसतोय. कुठला हा?"

"माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातला," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले. थोडा वेळ त्यांना आ मिटता आला नाही. मग त्यांनी कॉलर नीट केली. "म्हणजे पाय तरी अस्सल आहे."

कर्नलांचं लक्षच नव्हतं. त्यांनी बॅगेतून कसर लागलेली सहा चिन्हं काढून सासूबाईंपुढे मांडली. "या दोऱ्याने एवढी दुरुस्त होतील का? फक्त हा पाय ज्याने भरला, त्याच्या हातून नकोत."

"ती काळजी नको," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी जावयासमोरचा सुयांचा डबा अलगद आपल्याकडे ओढून घेतला.