निरोगी घशांचे चाळीस नमुने

माणसाला न कापता त्याच्या आतलं बघता यावं म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांनी आयुष्यं घालवली. मी आठ महिने घालवले, तेही नंदुरबारला आमच्या गच्चीवर. त्यामुळे यश नक्की होतं!

यंत्र साधं. पेनाएवढी नळी, टोकाला बारीक कॅमेरा आणि दिवा. नळी घशात धरायची. आतल्या ऊतींवरून, म्हणजे मांसाच्या नाजूक थरावरून, उजेड परत आला की लॅपटॉप त्याची निरोगी घशाशी तुलना करणार. हिरवा दिवा लागला तर ठणठणीत, लाल लागला तर दवाखाना.

पुण्याच्या एका संस्थेत संशोधनाची एकच जागा होती. त्यासाठी तिथल्या डॉ. भूमिका मॅडम शनिवारी घरी येऊन यंत्र तपासणार होत्या. अब्बांचा मिरचीचा व्यापार. त्यांनी अट आधीच सांगून टाकली.

"तौफिक बेटा, मशीन चालनं तर पुना. नही चालनं तर सोमवारपासून पथारीवर!"

पथारी म्हणजे गावाबाहेरचं मैदान, जिथे लाल मिरची वाळत पडते. तिथे माणूस दोन शिंकांच्या मध्ये जागा मिळाली तर बोलतो.

आता तुलनेसाठी निरोगी घसे हवे होते, आणि शास्त्र म्हणतं नमुने भरपूर घ्या. भरपूर माणसं कुठे? पथारीवरच! मिरचीची देठं खुडणाऱ्या भुरीबाई सगळ्यांत आधी तोंड उघडून बसल्या.

"भाऊ, घसामा काय दिसस?"

"तब्येत दिसते, मावशी. काही त्रास?"

"तरास? पंचवीस वरीसमा दवाखानाचं तोंड नही देखं!"

याहून निरोगी माणूस कुठून आणायचा? चाळीस घसे तपासले. चाळीसही सारखेच लालभडक! एवढं एकमत मी ग्रामसभेतसुद्धा पाहिलेलं नाही.

शनिवारी मॅडम गच्चीवर आल्या. अब्बांचा घसा हिरवा. अम्मीचा हिरवा. अब्बा माझ्याकडे प्रथमच चांगल्या भावाच्या मालाकडे बघावं तसे बघू लागले.

"आता माझा बघा," मॅडम म्हणाल्या.

लाल!

पुन्हा बघितला. लाल! तिसऱ्यांदा यंत्राने बोंब ठोकली: 'तातडीने दाखल करा!' ते वाक्य मीच घातलं होतं, हौसेने.

मॅडम डॉक्टर होत्या, पण भौतिकशास्त्राच्या. त्यामुळे घाबरायला पूर्ण पात्र होत्या.

"अहो, पण मला काहीच होत नाहीये!"

"तेच तर लक्षण असतं," मी धीर दिला.

"या अल्लाह, इतनी कम उमर में!" अम्मीने पदर डोळ्यांना लावला. अब्बांनी जीपवाल्याला फोन लावला.

"खाली पेट दवाखाने नहीं जाते, बेटी," म्हणत अम्मीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लाल ठेचा पुढे केला. दुसऱ्या घासाला मॅडमच्या डोळ्यांतून, नाकातून आणि बहुधा कानांतूनही पाणी आलं.

"देख, बीमारी बाहेर निघी ऱ्हायनी!" अब्बा खूश.

मी कर्तव्य म्हणून नळी पुढे केली.

हिरवा!

"माशाअल्लाह!" अम्मी. अब्बांनी जीप रद्द केली.

मॅडम तीन तांबे पाणी प्यायल्या. मग बसक्या आवाजात त्यांनी विचारलं, "निरोगी नमुने कुठून घेतले होते?"

"पथारीवरून. चाळीस!"

त्यांनी गच्चीवरून दूरच्या त्या लाल मैदानाकडे पाहिलं.

"आधी त्या चाळीस जणांचे घसे खऱ्या डॉक्टरला दाखवा. तुमच्या यंत्राच्या मते, नंदुरबारची मिरची पथारी सोडून सगळं जग आजारी आहे."

"बराबर शे," अब्बा म्हणाले.

सोमवारी मी पथारीवर. भुरीबाईंना तोंडाला बांधायला फडकं दिलं, तर त्यांनी त्यात भाकरी बांधली. यंत्र अब्बांनी ठेवून घेतलं. मिरचीवर धरलं की लालपणा अचूक सांगतं. पक्की लाल असली की हिरवा दिवा!

काल एका पोत्यावर मात्र लाल दिवा लागला. फिकट निघाली मिरची.

"हाई मिरची बीमार शे," अब्बा म्हणाले. "पुनाले धाडी दे."

आठ महिने मेहनत मी केली, पुण्याला निवड तिची झाली!