दयारामभाऊ आणि इंजिनाची चीर

"दादा, तीन वर्सं झाली! तीन वर्सांत लोकायची पोट्टी शाळेत जाऊन राहिली, अन् तुह्याच्यानं एक चीर नाही भरून राहिली?"

ओरडणारा तेजराम, दयारामभाऊंचा सख्खा धाकटा भाऊ. तो ओरडला की दोन कोसांवरच्या नागऱ्याच्या देवळातला नंदी कान झाडतो, असं मी तरी सांगतो. दयारामभाऊ मात्र मांडवाखाली बोटीच्या इंजिनापुढे उकिडवे बसून छपराच्या फुटक्या कवेलूच्या तुकड्यावर एपॉक्सी कालवत होते. एका नळीतलं पांढरं, दुसऱ्या नळीतलं काळं. मान वर न करता म्हणाले, "जम जायेगा."

हा माणूस एपॉक्सीनं काय चिकटवणार नाही, ते विचारा. म्हशीचं मोडलेलं शिंग चिकटवलं. मामांची कवळी चिकटवली. मामा गेले, कवळी अजून शाबूत आहे. एकदा स्वतःचं बोट चहाच्या ग्लासाला चिकटवून घेतलं आणि दोन दिवस त्याच ग्लासातून चहा पीत गावभर मिरवले. बिरसीच्या वैमानिक-शाळेतलं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं की वर बघून म्हणायचे, "याचा पंख तुटला त मलेच बलावतील."

अशा माणसाला इंजिनाच्या ब्लॉकमधली वीतभर चीर तीन वर्षं दाद देत नव्हती.

बोट वडिलांची. तलावाच्या पलीकडच्या बाजाराला माणसं, सायकली, कोंबड्या नेणारी. वडील गेले त्याच साली इंजिनाची पाण्याची नळी जलपर्णीनं तुंबली आणि इंजिन तापून लाल झालं. तेजरामनं घाबरून त्यावर तलावातलं बादलीभर थंड पाणी ओतलं. ब्लॉक तडकला. "तुनं पाणी ओतलं!" "तुनं नळी नाही पायली!" इथून जे सुरू झालं ते वाटणीवर जाऊन थांबलं. शेत कापलं, घरात भिंत घातली, फणसाची फळंसुद्धा मोजून वाटली. बोट काही कापता येईना. पंचांनी ठरवलं, दयारामनं इंजिन दुरुस्त करायचं, मग बोट विकून आलेले पैसे अर्धे अर्धे.

तेजराम गोंदियाला राहायला गेला. एरवी दोघांचं बोलणं बंद. चुलत पुतणीच्या लग्नात एकाच पंगतीत पाठीला पाठ लावून जेवले. पण रविवारी सकाळी तेजरामची मोटारसायकल न चुकता दारात. इंजिनाची तपासणी करायला!

तपासणी अशी. दयारामभाऊ ब्लॉकमध्ये पाणी ओतत. दोघं खाली वाकून बघत. थोड्या वेळानं टप. मग तेजराम दोन तास ओरडे. ओरडून घसा सुकला की बसे. दयारामभाऊंची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, तरी शनिवारीच ते वड्यांसाठी लाखोरीची डाळ भिजत घालत. तेजराम शिव्या देत सात-आठ वडे खाई, "मीठ जास्त झालं" म्हणे, आणखी दोन घेई आणि उठे. "येत्या रयवारी पायतो तुले!"

आता मी तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलेला फिटर. शेजारी इंजिन गळतंय आणि मी ऐकत बसलोय, ही माझी बेअब्रू. दयारामभाऊ मयतीसाठी तीन दिवस दरेकशाला गेले आणि मी ड्रिल घेऊन मांडवात शिरलो.

जुना एपॉक्सी खरवडला तर तो सालीसारखा निघून आला. खाली ग्रीस! चांगलं बोटानं सारवलेलं. ग्रीसवर एपॉक्सी धरत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. म्हटलं, गावभर मिस्त्री म्हणून मिरवतो आणि अक्कल एवढी! चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकत नाही. चिरेची खाच घासली, पेट्रोलनं तीनदा पुसली, एपॉक्सी भरला, दोन दिवस उन्हात कडक वाळू दिला.

रविवारी पाणी ओतलं. दोघं वाकले. मी मिशीवर हात ठेवून उभा. दहा मिनिटं गेली. टप नाही. इंजिन चालू केलं तर तलावावरचे बगळे थेट बालाघाटात जाऊन उतरले.

दयारामभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आनंदानं वाचा बसली.

तेजराम उभाच राहिला. ओरडायला काही उरलंच नव्हतं. "बनलं म्हणाचं," एवढं बोलून त्यानं बोटीच्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि वडे न खाताच निघाला. बुधवारी टेम्पो आला, बोट गेली. दोरी दयारामभाऊंनीच बांधून दिली.

पुढच्या रविवारी तेलाचा वास आला म्हणून मी गेलो. परातभर वडे. दयारामभाऊ दाराकडे तोंड करून बसलेले. मी न विचारताच तीन वडे उचलले आणि माझ्या ड्रिलची थोरवी सांगायला घेतली. ते हूं हूं करत राहिले. दुपार कलली. परात तशीच.

शेवटी मीच विचारलं, "भाऊ, आज तेजराम नाही आला?"

"कायले येईल? इंजिन बनलं ना."